गावाने पाहुण्यास काय दाखवावे

ज्येष्ठ सरून आषाढ लागण्याच्या सुमारास तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून मोतीबागेवरून पूर्वेकडे निघते आणि पिंपळी-लिमटेकच्या शिवारातून काटेवाडीच्या वाटेस लागते. नारायण महाराजांनी १६८५ साली जी पालखीची प्रथा घालून दिली तिच्यामुळे पिंपळीसारख्या लहानशा गावाच्या वेशीवर दरसाल एक दिवस असा उगवतो की, ज्या दिवशी महाराष्ट्रातील नाना जिल्ह्यांची माणसे येथील विहिरीचे पाणी पितात, येथील झाडांच्या सावलीत विसावतात आणि येथील घरांतून भाकरी-पिठल्याचा प्रसाद घेऊन पुढे जातात. पालखी गेली की मात्र रस्ता पुन्हा नुसता वाहता राहतो. आणि आता तर पाटसपासून बारामती, इंदापूर, अकलूज अशा मार्गाने जाणारा रुंद पालखी महामार्ग झाल्यामुळे, त्यावरून धावणाऱ्या वाहनांतील प्रवाशांस आपण कोणत्या गावावरून गेलो याचाही पत्ता लागत नाही. या वाहनांतील एखादे कुटुंब आपल्या गावी दोन घटका थांबावे, त्याने येथील काही पाहावे आणि त्यातून गावच्या चार हातांस काम मिळावे, अशी इच्छा गावोगावचे सरपंच, शिक्षक आणि शिकलेले तरुण आता उघडपणे बोलून दाखवू लागले आहेत. त्यांच्यासाठी, आणि विशेषतः बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील लहान गावांसाठी, हा लेख लिहीत आहे.

आमच्या गावात पाहण्यासारखे काहीच नाही, हे वाक्य ज्या गावी जावे त्या गावी ऐकू येते, आणि ते बहुधा खरे नसते. परंतु ही समजूत एकदा दूर झाली की तिच्या जागी जी घाई येते ती अधिक घातक असते. गावास पर्यटनाचा निधी मिळाला की प्रथम सिमेंटची कमान उभी राहते, मग देवळाच्या काळ्या दगडावर तैलरंग चढतो, गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसते, जुन्या बारवेवर जाळी किंवा स्लॅब पडतो. आणि ज्यासाठी पाहुणा आला असता तेच या खटाटोपात नाहीसे होते. म्हणून माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे असे आहे की, पहिल्या वर्षी गावाने एक रुपयाचेही बांधकाम करू नये. त्या वर्षी एक वारसा नोंदवही करावी आणि आपल्याजवळ काय आहे हे आधी आपण जाणून घ्यावे.

ही नोंदवही करण्यास कोणा तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीस गावातील झाडे, पिके, पशुपक्षी यांची नोंदवही ठेवावी लागतेच; तिच्या शेजारी ही दुसरी वही ठेवावी. देऊळ, मशीद, दर्गा, मठ, समाधी, पार, वेस, वाडा, गढी, बारव, तालीम, चावडी, सुटे कोरीव दगड, जुनी झाडे, पेवे, मोटेच्या विहिरी, आणि शिवारातल्या पट्ट्यांची लोकांच्या तोंडी असलेली नावे, असे सर्व तीत यावे. प्रत्येक नोंदीस जागा व गट क्रमांक, ताबा कोणाकडे आहे, लांबी-रुंदी, घडण कशाची आहे, आजची स्थिती, नोंद केल्याची तारीख आणि छायाचित्र असावे. याखेरीज तीन रकाने मी आवश्यक समजतो : डोळ्यांस दिसते ते, कागदात सापडते ते, आणि लोक सांगतात ते. या तिन्हींची गल्लत झाली की गावाचा इतिहास बिघडतो, आणि जाणता पाहुणा फलक वाचून मनातल्या मनात गावाविषयी अविश्वास घेऊन परततो.

याचे उदाहरण इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकास, भीमा व नीरा यांच्या संगमावर असलेल्या नीरा नरसिंहपूरचे घेता येईल. नदीकडे उतरणारा काळ्या दगडाचा भक्कम घाट आणि त्यावर उभे असलेले लक्ष्मी-नृसिंहाचे भव्य मंदिर, हे डोळ्यांस दिसते. पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी त्याचा जीर्णोद्धार केला, हे इतिहासात सापडते. मूर्ती वाळूची असून ती भक्त प्रल्हादाने स्वहस्ते घडविली, हे लोक श्रद्धेने सांगतात. तिन्ही गोष्टी सांगण्याजोग्या आहेत, तिन्हींना आपापले मोल आहे. फक्त प्रत्येक गोष्ट तिच्या जागी ठेवावी लागते. इंदापुरासही हाच नियम लागू आहे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे येथील लढाईत कामी आले, गावात त्यांच्या नावाची गढी आहे, पुणे, सुपे व चाकणप्रमाणे इंदापूरही भोसल्यांच्या जहागिरीत होते, हे सर्वमान्य आहे. परंतु त्या लढाईच्या सालाविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि फलकावर तसे स्पष्ट लिहिण्यात गावास कमीपणा येत नाही.

लोक सांगतात ते कसे टिपावे, याचा एक उत्तम पाठ परदेशात घालून दिलेला आहे. आयर्लंड हा आपल्यासारखाच दीर्घकाळ इंग्रजी अंमलाखाली राहिलेला, शेतीवर जगणारा, लहान लहान खेड्यांचा देश. तेथील लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात शिक्षण खात्याच्या व शिक्षकांच्या साह्याने अशी योजना केली की, प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडे व शेजारच्या वृद्धांकडे जावे आणि गावच्या पवित्र विहिरी, जुने कोट, शेतांची नावे, औषधे, खेळ, दुष्काळाच्या आठवणी हे सर्व ऐकून वहीत उतरवून आणावे. सुमारे ५,००० शाळांतील सुमारे ५०,००० मुलांनी हे काम केले. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात जतन केलेल्या असून संगणकावर कोणासही वाचता येतात. शंभर-दीडशे उंबऱ्यांचे आयरिश खेडेही पाहुण्यास आपल्या विहिरीची गोष्ट नेमकेपणाने सांगू शकते, त्याच्या मुळाशी अशा कोवळ्या हातांनी केलेले लेखन आहे. आपल्याकडेही जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीचे वर्ग आहेत, मुले चुणचुणीत आहेत, आणि नीरेचा कालवा येण्याच्या वेळची किंवा १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामांची हकीकत वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली माणसे अद्याप ओसरीवर बसलेली आहेत. मग ही योजना येथे का होऊ नये, याला एकही सबळ कारण मला दिसत नाही.

नोंदी करताना ज्याकडे हमखास दुर्लक्ष होते त्या वीरगळाविषयी, म्हणजे वीराच्या स्मारकशिळेविषयी, थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे मारुतीच्या देवळामागे, पाराच्या पायथ्याशी किंवा ओढ्याच्या काठी एखादी उभी कोरीव शिळा अर्धी मातीत रुतून असते. कोणी तिला शेंदूर लावतो, कोणी तिच्यावर कपडे आपटतो. ती खालून वर वाचावयाची असते. सर्वांत खालच्या चौकटीत पडलेला वीर किंवा लढाई दिसते. ढाल-तलवार घेतलेले पुरुष, क्वचित घोडा, आणि गाईंचे कळप असतील तर गोधन राखताना हा मनुष्य पडला असे समजावे. मधल्या चौकटीत दोन बाजूंस अप्सरा त्यास हातांस धरून वर नेत असतात. त्याच्या वरच्या चौकटीत तोच वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, आणि माथ्यावर बहुधा कलश असतो. चंद्र व सूर्य कोरलेले असले तर ही कीर्ती आचंद्रार्क राहो असा त्याचा अभिप्राय. शेजारच्या दगडावर कोपरात वळलेला, बांगड्यांनी भरलेला स्त्रीचा हात दिसला तर ती सतीशिळा होय. ज्या गावाच्या मुलास हे चार थर बोटाने दाखवून सांगता येतात त्या गावी पाहुणा अर्धा तास सहज थांबतो, आणि यासाठी गावास काहीही खर्च येत नाही.

कागदांचा शोध त्यामानाने कष्टाचा आहे, पण अशक्य नाही. देवस्थानाची इनाम जमीन असेल तर महसूल दप्तरात तिचा दाखला असतोच, आणि त्या धाग्याने मागे जाता येते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कामास वाहिलेले आहे. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये अनेक लहान गावांच्या नोंदी आहेत. गावातील पाटील, कुलकर्णी, देशमुख, गुरव, मुजावर यांच्या घरी माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल पडलेले असतील तर ते मागून न्यावयाचे नाहीत. घरमालकासमोर त्यांचे छायाचित्र घ्यावे, कागद त्याच्याच घरी कोरड्या जागी सुती कापडात बांधून ठेवावेत, आणि मोडी जाणणाऱ्याकडून त्यांचे वाचन करून घ्यावे. गावातील एका तरी मुलाने किंवा मुलीने मोडी शिकावी. तिचे वर्ग पुण्यात चालतात, आणि ही गुंतवणूक कोणत्याही कमानीहून अधिक टिकाऊ आहे.

आता जतनाविषयी. जुन्या दगडी देवळास रंग देऊ नये, आणि पूर्वी दिलेला रंग काढण्यासाठी त्यावर वाळूचा मारा किंवा आम्लाचा प्रयोग तर मुळीच करू नये, कारण त्याने नक्षीचे पृष्ठच खरवडले जाते. चुन्याच्या सांध्यात सिमेंट भरले की ओल आत कोंडते आणि दगड सुटू लागतो. म्हणून दुरुस्ती चुन्यातच व्हावी, आणि ती राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयास विचारून व्हावी. वास्तू संरक्षित स्मारक असेल तर परवानगीवाचून तेथे खिळाही ठोकता येत नाही, हे कारभारी मंडळींनी ध्यानी ठेवावे. शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाणी, ताम्रपट, मूर्ती असे काही सापडले तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार, त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. सापडलेली वस्तू सांगितली तर ती सरकार नेईल, या भीतीने ती लपविली जाते आणि शेवटी चोरट्या व्यापाऱ्याच्या हाती जाते. कळविलेल्या वस्तूची निदान गावाच्या नावासह नोंद राहते, आणि तीच तिची खरी सुरक्षितता.

इतके झाल्यावर मग दाखविण्याचा विचार करावा. पिंपळीसारख्या गावाने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी की, ते एकटे पाहुण्यास दिवसभर गुंतवू शकणार नाही. परंतु ज्या परिसराच्या मध्यभागी ते वसले आहे तो परिसर दोन दिवसही पुरून उरेल इतका समृद्ध आहे. गावाने स्वतःचे दोन-तीन विषय नेमके धरावेत आणि उरलेल्यासाठी शेजारच्या गावांशी सलोख्याची जोडणी करावी. पिंपळीचा पहिला विषय पालखीचा आहेच. दुसरा, माझ्या मते अधिक दुर्लक्षित, नीरा डाव्या कालव्याचा आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात लोकांस काम मिळावे म्हणून याच्या खोदाईस हात घातला गेला आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले. पुढे भाटघरच्या मोठ्या धरणाची त्यास जोड मिळाली, आणि ज्या जिराईत पट्ट्यात बाजरी व हुलगे यांवर दिवस काढावे लागत त्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथील सहकारी साखर कारखाने, आणि शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३४ साली इंदापूर तालुक्यात सुरू केलेला कारखाना व त्याभोवती वसलेले वालचंदनगर, हे सारे नीरेच्या पाण्यावर उभे राहिलेले वैभव आहे. २०२५ च्या मे महिन्यातील अतिवृष्टीत पिंपळी-लिमटेकजवळच हा कालवा फुटला आणि पाणी शिवारात व रस्त्यावर पसरले, ही ताजी घटनाही त्या इतिहासाचाच भाग आहे. कालव्याच्या बाजूस एका सावलीच्या जागी उभे राहून दुष्काळ, खोदाई, पाणीवाटप, पाळी, ऊस आणि कारखाना ही साखळी कोणी वीस मिनिटांत समजावून दिली, तर शहरातून आलेल्या मुलांस भूगोलाच्या पुस्तकात न मिळालेले ज्ञान येथे मिळेल.

त्याच साखळीचे गोड टोक म्हणजे गुऱ्हाळ. परिसरात जेथे गुऱ्हाळ चालू असेल तेथे मालकाशी आधी बोलून ठेवावे आणि लोकांस पहाटेच न्यावे. चरकातून आलेला हिरवट रस मोठ्या काहिलीत ओतला जातो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडे सारली जातात, रस तापू लागला की त्यात भेंडीचे पाणी सोडतात आणि वर आलेली काळपट मळी झाऱ्याने काढून टाकतात. मग बुडबुड्यांचा आकार बदलतो, रंग तांबूस होतो, आणि गुळव्या थंड पाण्यात दोन थेंब टाकून बोटांनी गोळी होते का ते पाहतो; त्या एका क्षणाच्या पारखेवर संपूर्ण काहिलीचा गूळ अवलंबून असतो. काहील उतरवताना मुलांस जवळ येऊ देऊ नये; उकळत्या काकवीचा चटका साध्या पाण्याच्या चटक्याहून फार खोल जातो. पुढे ताजा गूळ, काकवी आणि बाजरीची भाकरी एवढे दिले तरी पाहुणचार पुरा होतो.

अशा दोन दिवसांच्या सहलीत पिंपळीच्या पश्चिमेकडील दिवस आखताना आरंभ बारामती कसब्यापासून करावा. कऱ्हेच्या काठी काशीविश्वेश्वर व सिद्धेश्वर ही पुरातन देवस्थाने आहेत. श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ साली, शिवलीलामृत हा ग्रंथ येथेच पूर्ण केला, आणि ज्या ग्रंथाचा अकरावा अध्याय आजही घरोघर वाचला जातो त्याची जन्मभूमी आपण पाहत आहोत एवढे सांगितले तरी आलेल्या वडीलधाऱ्या स्त्रिया तेथे मनापासून हात जोडतात. त्याच नदीकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाईकांचे घराणे सावकारीत मोठे, पहिल्या बाजीरावाची भगिनी या घरात दिलेली. त्यांच्या आश्रयास पन्हाळ्याचे मोरोपंत पराडकर आले आणि १७९४ साली देह ठेवीपर्यंत येथेच राहिले. आर्याभारत, केकावली आणि एकशेआठ रामायणे या गावी रचली गेली. मोठ्या गावात इतके असताना शेजारच्या लहान गावाने त्याचा लाभ घेण्यात संकोच मानू नये. पाहुणा मोरोपंतांसाठी येईल आणि भोजनास पिंपळीत उतरेल, अशी तजवीज करता येते.

तेथून पुढे मोरगावचा मयूरेश्वर सर्वांस ठाऊक आहे. गढीसारखा तट, कोपऱ्यांवरचे मनोरे आणि गणपतीसमोर बसलेला नंदी हे तेथील विशेष पाहुण्यास दाखवावेत, कारण दर्शनाच्या रांगेत ते नजरेतून सुटतात. परंतु मोरगावपर्यंत आलेल्या दहांपैकी नऊ माणसे जवळच्या लोणी भापकरला जात नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. तेथील मल्लिकार्जुनाचे यादवकालीन मंदिर, त्याच्यासमोरची चौरस पुष्करणी, तिच्या भिंतींत ओळीने बसविलेली देवकोष्ठे, आणि जवळच्या मंडपातील यज्ञवराहाचे कोरीव शिल्प ही अशी मालमत्ता आहे की, तिच्यासाठी दूरच्या अभ्यासकाने मुद्दाम यावे. वराह हा विष्णूचा अवतार आणि गाभाऱ्यात मात्र शिवलिंग, हे पाहून मूळचे दैवत कोणते असावे असा प्रश्न जाणत्याच्या मनात येतो. वाटाड्याने तो प्रश्न पाहुण्यापुढे तसाच ठेवावा, उत्तराचा आग्रह धरू नये. दुपार कलल्यावर सुप्यास जावे. १६५६ साली शिवाजीराजांनी संभाजी मोहित्यांकडून घेतलेले हेच सुपे, आणि त्याच्या माळावर सव्वापाच चौरस किलोमीटरांहूनही लहान असे मयूरेश्वर अभयारण्य आहे. ओसाड वाटणारा हा गवताळ माळ चिंकारा, लांडगा, खोकड यांचे घर आहे. शिर्सुफळ व इंदापूरकडील कडबनवाडी येथेही वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफर सुरू केली असून तिची नोंदणी आधी करावी लागते.

पूर्वेकडील दिवस ऋतू पाहून ठरवावा. पालखीच्या दिवसांत काटेवाडीस परीट बांधव पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात, धनगरांची मेंढरे पालखीभोवती रिंगण धरतात, पुढे बेलवाडीस अश्वाचे गोल रिंगण होते, आणि सराटीस नीरेत तुकोबांच्या पादुकांस स्नान घातले जाते. हा सोहळा पाहण्यास येणाऱ्यास बजावून सांगावे की, येथे प्रेक्षक म्हणून उभे राहण्याची जागा रस्त्याच्या कडेस आहे. रिंगणात शिरून छायाचित्रे घेणे हा उद्धटपणा आहे आणि धावत्या अश्वापुढे तो जिवावरही बेततो. हिवाळ्यात मात्र पाहुण्यास भिगवण बाजूस न्यावे. उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगाव-डिकसळच्या काठाने रोहित, चित्रबलाक, चक्रवाक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब दिसतात, आणि नाव वल्हविणारे मच्छीमार बांधवच तेथील उत्तम वाटाडे आहेत. रोहितांचा थवा उडावा म्हणून नाव अंगावर घालण्यास त्यांना कोणी पैशाने भुलवू नये. प्रत्येकाच्या अंगात तरंगण्याचे जाकीट असल्यावाचून नाव काठ सोडणार नाही, हा नियम तर पोलादी असावा; २०२४ च्या मे महिन्यात कुगाव-कळाशी दरम्यान वादळात नाव उलटून सहा जीव गेले, हे या भागास विसरता येण्याजोगे नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर जलाशयातून उघडे पडते. ते पाहताना धरणाखाली गेलेल्या गावांची, उठून दुसरीकडे वसलेल्या माणसांची हकीकत त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी तोंडून ऐकविली जावी. त्यावाचून ते दर्शन अपुरे राहते.

पाहुण्याच्या व्यवस्थेबद्दल फार विस्तार करीत नाही, कारण आतिथ्य आपल्या माणसांस शिकवावे लागत नाही. स्वच्छ शौचकूप, पिण्याचे पाणी, वाहने उभी करण्यास सावलीची जागा आणि मुख्य रस्त्यावर ठळक मराठी अक्षरांतील दिशादर्शक, इतके असल्याशिवाय कोणास बोलावू नये. भोजनाचे काम महिला बचतगटाकडे द्यावे, दर आधी ठरवून फळ्यावर लिहावेत, आणि हिवाळ्यात हुरडा, एरवी भाकरी, पिठले, वांग्याचे भरीत, शेंगदाण्याची चटणी असे जे घरी होते तेच वाढावे. शहरात मिळणारे पदार्थ खाण्यास कोणी शंभर किलोमीटर येत नाही. शेतावर पाहुणे ठेवावयाचे असतील तर राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण वाचून रीतसर नोंदणी करावी. या व्यवसायाचा आरंभीचा प्रयोग बारामती तालुक्यातील पळशीवाडीस झाला असल्यामुळे अनुभवी माणसे दूर शोधावी लागणार नाहीत. वाटाडे म्हणून दोन-तीन तरुण व तरुणी तयार कराव्यात आणि त्यांचे मानधन ठरलेले असावे. देवस्थानाची दानपेटी आणि पर्यटनाचा जमाखर्च यांची सरमिसळ होऊ देऊ नये. हिशेब दर ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, कारण गावोगावच्या चांगल्या कामांचा शेवट पैशाच्या संशयाने झालेला आहे. मोठ्या निधीची गरज पडली तर जिल्हा नियोजन समितीमार्फत ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाच्या दर्जाचा मार्ग आहेच, पण तो शेवटी चोखाळावा.

लहान गावाने एकाच गोष्टीवर चित्त एकाग्र केले तर काय होते, हे महाबळेश्वरजवळच्या भिलारने दाखविले आहे. २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि घरोघरच्या ओसरीत वाचक बसतात. आयर्लंडात खेड्यांच्या नीटनेटकेपणाची स्पर्धा १९५८ पासून चालू आहे, आणि ती गावकऱ्यांच्या स्वतःच्या श्रमावर चालते. आपल्याकडे संत गाडगेबाबांच्या नावे निघालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने तशीच ऊर्मी एकदा निर्माण केली होती, आणि ती माणसे अद्याप गावात आहेत.

म्हणून पिंपळीच्या आणि आसपासच्या गावांच्या कारभारी मंडळींस माझी कळकळीची विनंती आहे की, येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर वारसा नोंदवहीचा विषय घालावा, ठराव करून ती वही शाळेच्या मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करावी, आणि गावातील ऐंशी वर्षांवरील स्त्री-पुरुषांची यादी त्याच सभेत तयार करून मुलांस प्रथम त्यांच्याकडे पाठवावे. कमानीचा विचार पुढच्या वर्षी करता येईल. या माणसांकडे मात्र याच महिन्यात जाणे आवश्यक आहे.